डाव्या पिळाची गाठ

आत्याला माणसांची नावं लक्षात राहत नसत, गाठी राहत. दुकानात कोणी आलं की ती त्याच्या तोंडाकडे न बघता हात पुढे करी, पुन्हा रंगवायला आणलेल्या कापडाचं, जुन्या गाठीनं मुरडलेलं टोक बोटांत घेई आणि म्हणे, "या, राजुरीची दुहेरी." किंवा, "पिंपळवंडीची, मधी दोरा घेतलेली. म्हातारी बरी हाय ना?" माणूस "बरी हाय" म्हणून खाली टेके. तालुक्यातल्या एका बड्या पुढाऱ्याला तिनं माझ्यादेखत "बसा, एकेरी उजवी" असं म्हटलं होतं. पुढारी मुकाट्यानं बसला.

यात गूढ काही नव्हतं. कापड रंगात बुडवायचं तर ते कोणाचं याची खूण हवी. शाई धुऊन जाते, चिठ्ठी विरघळते. म्हणून आत्याच्या घरात पणजोबापासून एक रीत होती. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक घराला एक गाठ दिलेली असे. रंगाऱ्यानं ती कापडाच्या कोपऱ्याला मारायची आणि घरी नेल्यावर मालकानं सोडायची. भाऊ वेगळे झाले की धाकट्याच्या घराला नवी गाठ मिळे. गाठ इतकी घट्ट असे की आत रंग शिरतच नसे. सोडली की कोपऱ्यात चिंचोक्याएवढा जुना रंग तसाच निघे. पुष्कळ बायका म्हणे तो ठिपका बघण्यासाठीच घाईनं घरी जात.

मी जनावरांचा डॉक्टर. जुन्नरला बदली झाली तेव्हा पेठेच्या मागच्या गल्लीत, रंगाऱ्याच्या दुकानावरची खोली मला मिळाली. आधीच्या भाडेकरूंना वासाचा त्रास झाला होता. मला झाला नाही. ज्याचा अर्धा दिवस म्हशीच्या मागच्या बाजूला जातो, त्याला निळीचा वास काय करणार?

पहिल्याच दिवशी आत्यानं विचारलं, "डॉक्टर, तुमच्या घराची गाठ कंची?"

मी म्हटलं, आमच्याकडे असलं काही नाही, आम्ही दुकानातून रंगीत कापड आणतो. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू कुलदैवत ठाऊक नाही असंच मी सांगितलं होतं. मग म्हणाली, "आसू द्या. घडतं आसं." तिचा तो दिलासा मला चांगलाच झोंबला.

आत्या ही खरं तर माझी नव्हे, दुकान चालवणाऱ्या भाच्याची आत्या. पण गल्लीतली कुत्रीसुद्धा तिला आत्याच समजत, मीही म्हणू लागलो. साठी उलटलेली, काटक, कोपरापर्यंत निळ्या हातांची बाई. तो निळा रंग साबणानं जात नसे आणि तिला घालवायचाही नव्हता. भात कालवताना तो हात बघायची सवय व्हायला मला महिना लागला. लग्न होऊन ती आंबेगावला गेली होती, आणि दोन वर्षांत परत आली होती. का, ते कोणी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढे धरण झालं आणि ते गाव पाण्याखाली गेलं. "माझं सासर आता मासं नांदवत्यात," असं ती अगदी सहज सांगायची.

त्या खोलीतले दिवस आठवले की मला अजून डोळ्यांवर झापड आल्यासारखं होतं. रंगवलेली कापडं माझ्या खिडकीसमोरच्या दोऱ्यांवर वाळत. त्यामुळे उजेड कुठल्या रंगाचा हे त्या दिवशीच्या कामावर ठरे. लग्नसराईत मी गुलाबी खोलीत उठायचो. गणपतीच्या आधी मांडवाचे पिवळे पडदे वाळत आणि माझा चहा, टॉवेल, दाढीचा फेस, सगळं पिवळं होई. दुपारी पडलो की वाऱ्यानं कापड हले आणि भिंतीवरून रंग सावकाश पलीकडे जाई, परत येई. खालून कापड आपटल्याचा आवाज, आत्याचं पुटपुटणं. मी अनेकदा सरकारी कामाला उशिरा पोचलो आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

दुकानाचा इतिहास आत्या सांगे, पण तो दरवेळी वेगळा असे. कधी पणजोबा पैठणकडून आला, कधी थेट गुजरातेतून. कधी तो फौजेची पागोटी रंगवत होता, कधी बायकोशी भांडून नुसता चालत सुटला होता. एक गोष्ट मात्र बदलत नसे. तो कुकडीच्या काठी पाणी प्यायला वाकला, तोंडात पाणी धरून बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "इथं निळा बसंल." त्या एका घोटावर चार पिढ्या जगल्या. आज्याच्या वेळी मागच्या अंगणात निळीचे अकरा रांजण होते. गिरणीचं पक्क्या रंगाचं कापड आलं आणि बापाच्या वेळी चार उरले. डब्यातली पावडर आली आणि आत्याच्या वाट्याला एक उरला. भाचा पुढच्या बाजूला शेगडीवर पावडर उकळून फेटे आणि पडदे रंगवी. कामाला वाघ, बोलायला गोड, आणि आत्यापुढे शेळी.

तो एक रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला होता. वरून घोंगडी पांघरलेली. आत्या पहाटे घोंगडी बाजूला करी, वास घेई, एक बोट बुडवून चाटी आणि निकाल देई. "आज बरी हाय." "आज रुसलीया." रुसली की तिला गूळ, चुना आणि टाकळ्याचं उकडलेलं बी मिळे. आत घातलेलं पांढरं कापड बाहेर निघताना हिरवं दिसे आणि हवेत धरलं की बघता बघता निळं होई. मी ते शंभरदा पाहिलं असेल. दरवेळी मला वाटे, आता नाही होणार.

रांजणापुढे खोटं बोलायचं नाही असा नियम होता. एकदा मी तिथं उभा राहून फोनवर साहेबांना सांगत होतो, की मी ओतूरला पोचलोय, लसीकरण सुरू आहे. आत्या झाडू घेऊन आली. "खोटं बोलायचं तर रस्त्यावर जावा! नीळ फाटती!" आणि खरोखर दोन दिवस नीळ बिघडली. विज्ञानाचा पदवीधर असूनही मी तिसऱ्या दिवशी गुपचूप गूळ आणून दिला.

मागच्या खोलीत खुंटीला एक बोचकं टांगलेलं असे. दसरा झाला की आत्या ते उतरवी, उलगडी, जुना लिंबाचा पाला झटकून नवा घाली आणि घडी बदलून परत बांधी. "एकाच घडीवर ठिवलं तर कापड घडीवर फाटतं," ती म्हणे. आत एक काळंभोर लुगडं होतं. पहिल्या वर्षी मी विचारलं, कोणाचं? ती पाला झटकत राहिली. दुसऱ्या वर्षी तिनं आपण होऊनच सांगितलं.

ती तेरा वर्षांची असताना बाप हिरडा आणायला भीमाशंकराकडे गेला होता. काळ्या रंगाला हिरडा लागतो. कापड आधी निळीत, मग हिरड्याच्या पाण्यात आणि मग गुळाच्या पाण्यात गंजवलेल्या लोखंडात बुडवायचं. दुकानात ती एकटीच होती. अंगावर भिजकं घोंगडं, मेंढरांचा वास असलेला एक माणूस आला. त्यानं एक हिरवं लुगडं पुढे टाकलं. "काळं करा. घरातला माणूस गेला." तेव्हाची रीतच तशी. नवऱ्यामागं बाईला हिरवं नेसता येत नसे आणि नवं घ्यायची ऐपत नसे, म्हणून असलेलंच काळं करून आणायचं. ती गाठ मारायला लागली, तर तो म्हणाला, "आण, मी बांधतो." त्यानं बांधली आणि निघून गेला. कुठलं गाव, कुठलं घर, काही विचारायचं तिला सुचलं नाही.

"रंगाऱ्याची गाठ रंगाऱ्यानं मारायची. मी त्याला मारू दिली," आत्या म्हणाली. "बाप आला, त्यानं गाठ बघितली. आपल्यातली न्हाई म्हणाला. लुगडं रंगवलं, वाट बघितली. कोण न्हाई आलं. मला वरडला सुदिक न्हाई. नुसतं म्हणाला, खुंटीला लाव, आन् घडी बदलीत जा."

मी म्हटलं, "आत्या, पन्नास वर्षं झाली. सोडा आता."

"पन्नास वर्सं झाली खरी. पर डॉक्टर, दहाव्याला ती काय नेसली आसंल, सांगा बरं?"

हा प्रश्न ती मग कधीही विचारायची. कापड पिळताना, भाकरी थापताना, माझं बिऱ्हाड बघायला आलेल्या माझ्या बायकोलासुद्धा. कुठंतरी एक बाई तिच्यामुळं चारचौघांत हिरवं नेसून बसली, लोक तिला काय काय बोलले, हे चित्र आत्याच्या डोळ्यांपुढून जात नव्हतं. लोकांची असली रीत मला पटत नाही, मी तसं म्हणालोही. ती म्हणाली, "रीत वाईट आसंल. पर तिचं कापड माझ्याकडं हाय."

तिसऱ्या वर्षी भाच्यानं नारायणगाव रस्त्याला मोठी शेड घेतली आणि जुनी जागा विकली. दिवाळीनंतर ताबा द्यायचा ठरलं. आत्याची कशालाच ना नव्हती. फक्त रांजण मोडायला ती तयार होईना. बापानं सांगून ठेवलं होतं, दुसऱ्याचं कापड घरात असेपर्यंत रांजण मोडायचा नाही.

भाचा काकुळतीला आला. "आत्या, मी ते बोचकं माझ्या हातानं नव्या जागंत नेतो. जीवापाड जपतो."

"आन् मी गेल्यावर? घडी कोण बदलणार?"

भाचा माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागलो.

त्या दसऱ्याला आत्या नवा पाला खुडत होती, म्हणून बोचकं बांधायला मी बसलो. तोपर्यंत ते लुगडं मी लांबूनच पाहिलं होतं. कोपऱ्याची गाठ हातात आली आणि मला हसू फुटलं.

"आत्या, ही कापडाची गाठच नाही. ही दावणीची आहे. मेंढरू बांधतात, वासरू बांधतात, ती. मी रोज बघतो. फक्त हिचा पीळ उलटा आहे. बांधणारा डावखुरा असणार."

आत्यानं गाठ माझ्या हातातून घेतली. मग सावकाश म्हणाली, "म्या माणसांच्या कापडांत हुडकीत बसले व्हय."

गंमत अशी, की दरसाल ती बेल्ह्याच्या बैलबाजाराला जातच होती. काळ्या रंगाच्या मडक्यात टाकायला बैलांच्या पायातल्या झिजलेल्या लोखंडी पत्र्या, म्हणजे नाल, लागत. नव्या पत्र्या मारणाऱ्याकडून ती जुन्या गोळा करून आणी. म्हणजे इतकी वर्षं ती त्या बाजारात फक्त खुरांकडे बघत हिंडली होती. कासऱ्याकडे, दाव्याकडे कधी नजर वर गेलीच नव्हती.

दसरा ते दिवाळी, बेल्ह्याचे तीन बाजार होते. मला तिथं कामानं जावंच लागे. मी आत्याला मोटारसायकलवर मागे बसवू लागलो. नारायणगाव, पिंपळवंडी, आळेफाटा, राजुरी. मांडीवर बोचकं, निळा हात माझ्या खांद्यावर. धुक्यात मागून तिचा आवाज येई, "ह्ये वावर बघा डॉक्टर, कोथमिरीच्या हिरव्या देठावाणी." मला नुसतं वावर दिसे.

पहिल्या बाजारात ती टेम्पोंच्या रांगेतून फिरली. बैल उभे, व्यापारी रुमालाखाली बोटं धरून भाव करतायत, आणि ही बाई वाकून दाव्यांची टोकं तपासतेय.

"आजी, खिल्लार घेताय का?" एकानं विचारलं.

"बैल न्हाई. गाठ बघती."

"गाठ इकायची न्हाई बरं का!" सगळे हसले. तीही हसली. दिवसभरात एकही डावी सापडली नाही.

दुसऱ्या बाजारात एक सापडली, पण ती बांधणारा गडी पार नगर जिल्ह्यातला निघाला, आणि त्याचं वय तीस. येताना आळेफाट्याला मी चहा घेऊन दिला, तो आत्यानं निववून टाकून दिला. मला पहिल्यांदाच भीती वाटली, की ही बाई तो रांजण मोडताना बघेल आणि आतून मोडेल.

तिसऱ्या बाजारी मी एका गाभण गाईला तपासत होतो. मागून हाक आली. "डॉक्टर!" तसा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. एका टेम्पोच्या चाकाला तांबूस कालवड बांधली होती. आत्या मातीत बसली होती आणि दाव्याची गाठ दोन्ही हातांत धरून होती. शेजारी एक उंच म्हातारा, डोक्याला लाल पागोटं, घाबरून उभा.

"काय झालं वं मावशी? सुटती का काय?"

"ही गाठ कुणी मारली?"

"मीच. आमच्या घरात समदे डावखुरे. बाप, थोरला भाऊ. का?"

"तुमच्या घरात पन्नास वर्सांमागं कोण मेलं व्हतं?"

म्हातारा विचारात पडला. "पन्नास म्हंजी... आजी आदीच गेल्याली. त्या टायमाला तर कोण न्हाई."

आत्यानं बोचकं सोडलं आणि काळ्या लुगड्याचा कोपरा वर केला. म्हाताऱ्यानं गाठ पाहिली. मग लुगडं पाहिलं. मग त्याचा हात आपोआप स्वतःच्या छातीवर गेला.

"आयला," तो म्हणाला. "आवो, ह्ये माझंच. मेलेला मीच!"

झालं होतं असं. हे धनगर. सध्या राजुरीच्या पुढं वस्तीवर शेती करतात, पण तेव्हा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणात उतरत. त्या साली परत येताना वळवानं घाटात ओढा चढला. निम्मी मेंढरं गेली. ह्याचं घोंगडं खाली झुडपाला अडकलेलं सापडलं, हा सापडला नाही. नवं लग्न, वर्ष झालं नव्हतं. थोरल्या भावानं भावजयीचं हिरवं लुगडं उचललं आणि जुन्नरला आणून टाकलं.

"मी पाय मोडून खाली एका वाडीत पडलो व्हतो. आठव्या दिशी बैलगाडीतनं घरी आलो, तर दहाव्याची तयारी! माझ्याच दहाव्याचं गहू निवडत बसलेल्या बाया. मला बघून दोघी बेसूद पडल्या. हिनं काय केलं, आदी मला दोन मारल्या. मंग रडली." म्हातारा हसत होता आणि डोळे पुसत होता. "भाऊ म्हणाला, त्या लुगड्याचं नाव काढू नगा. त्ये घरात आणलं का खरं व्हईल. म्हणून कोण आलं न्हाई."

आत्या अगदी हळू म्हणाली, "म्हंजी ती हिरव्यातच हाय?"

"हाय की. घरी चला, बघा."

मग बाजार सोडून आम्ही वस्तीवर. कालवड टेम्पोतून, मागून आम्ही. म्हातारी अंगणात शेंगा वाळत घालत होती. हिरवं लुगडं, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. आत्या फाटकातच थांबली आणि तिच्याकडे बघत राहिली. इतकं टक लावून बघितलं, की कोणालाही अवघडल्यासारखं होईल. मला वाटतं, आत्याला आयुष्यात तेवढा सुंदर रंग कोणी दाखवला नव्हता.

म्हाताऱ्यानं सगळं सांगितलं. म्हातारीचा चेहरा ताठ झाला. "उंबऱ्याच्या आत न्हाई आणायचं त्ये," ती म्हणाली. "पाया पडती बाई. पन्नास वर्सं टिकलाय माझा."

"आवो, माझ्या घरात बी ठिवता येत न्हाई," आत्या म्हणाली. "माझा रांजण अडलाय."

लुगडं अंगणातल्या गुरांच्या पाण्याच्या दगडी डोणीवर पडून राहिलं. दोघी दोन बाजूंना उभ्या. चहा आला, संपला. ही कोंडी फोडावी म्हणून मी सुचवलं, की जवळच कालवा आहे, त्यात सोडून देऊ. दोघींनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. मी कालवड तपासायला निघून गेलो.

परत आलो तेव्हा आत्या म्हणत होती, "घेऊ नगा. पर गाठ तेवढी सोडा. ती मालकानंच सोडायची आसती."

म्हातारी पुढे झाली. बोटांनी गाठ हलेना. तिनं दात लावले. पन्नास वर्षांची गाठ कुरकुरली आणि सुटली. आत हिरवं होतं. बोराएवढं. काल धुऊन आणल्यासारखं ताजं.

"माझ्या आईनं दिल्यालं लुगडं," म्हातारी म्हणाली. "नुसतं दोन येळा नेसले व्हते." ती तिथंच बसली आणि तो ठिपका गालाला लावून रडली. आत्यानं आपला निळा हात तिच्या पाठीवर ठेवला. मग म्हातारीनं विळा आणला, हिरवा तुकडा कापून घेतला आणि तो तेवढा घरात नेला.

राहिलेलं काळं म्हाताऱ्यानं कोणाला न विचारताच उचललं. टराटरा पट्ट्या फाडल्या, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरलं आणि बोलता बोलता पीळ भरायला लागला. अर्ध्या तासात त्याचं दावं झालं. त्यानं कालवडीचं जुनं दावं सोडलं आणि हे नवं घालून तिला मेखेला बांधलं, डाव्या पिळानं.

"हिला इकायला काढलीय ना तुम्ही?" मी विचारलं.

"कालवड इकीन. दावं न्हाई द्यायाचं. दावं ज्याचं त्याच्या दावणीला." ही रीत मलाही ठाऊक होती. जनावर दुसऱ्याच्या घरी जातं, दावं मालकाकडेच राहतं. म्हातारी दारातून बघत होती. तिचा आता काही आक्षेप दिसला नाही.

येताना मला वाटलं, आत्या रडेल, काहीतरी मोठं बोलेल. पिंपळवंडी मागे पडली. मग खांद्यावर टकटक झाली.

"डॉक्टर, काळा लई चांगला बसला व्हता. बघितला न्हवं? एक ठिपका उडाला न्हाई."

दिवाळीच्या आदल्या दिवशी तिनं माझा पांढरा कोट मागून घेतला. कोपऱ्याला कसलीशी तिहेरी गाठ मारली, ती मी आधी कधी पाहिली नव्हती. "ही तुमच्या घराची. पोरांना सांगून ठिवा," म्हणाली. कोट रांजणात गेला, हिरवा होऊन निघाला, तिच्या हातात निळा झाला. शेवटचं कापड. मग ती बाजूला झाली आणि भाच्याला म्हणाली, "मोड." पहार पडली तेव्हा तिनं डोळे मिटले नाहीत. निळं पाणी अंगणभर पसरलं आणि जमिनीत मुरत गेलं. माझ्या खोलीत त्या दिवशी उजेड कुठल्या रंगाचा होता, ते मी बघायचं विसरलो.

दोन वर्षं गेली, तोवर माझी बदली घोडेगावला झाली होती. भाच्याचा फोन आला, आत्या गेली. झोपेतच. दहाव्याला मी निळा कोट घालून कुकडीच्या घाटावर गेलो. भाच्याची फेट्यांची गिऱ्हाइकं आली होती, राजुरीची दुहेरी आली होती, पिंपळवंडीची दोरा घेतलेली आली होती, एकेरी उजवीही मागे उभी होती. सगळ्यांचे कपडे अशा दिवशी असतात तसे फिकट.

विधी निम्म्यावर आला असताना घाटाच्या पायऱ्या उतरून दोन माणसं आली. पुढं तो उंच म्हातारा, काठी टेकत. मागं म्हातारी. ठसठशीत हिरवं लुगडं, भरलेले हात, आणि पदराच्या टोकाला शिवलेला बोराएवढा जुना हिरवा तुकडा. बायकांत कुजबुज झाली. दहाव्याला असलं नेसून येतात का कुणी?

म्हातारीनं ते ऐकलं. "त्यांनी माझ्यासाठी पन्नास वर्सं घडी बदलली," ती म्हणाली. "मी आज दुसरं नेसून कशी येऊ?"

कुजबुज थांबली. भाच्यानं तिला पुढं बोलावलं, तिनं ओंजळीनं पाणी दिलं. मी चार पायऱ्या खाली गेलो, पाण्याकडे तोंड केलं आणि ऐकणारं कोणी नाही असं बघून सांगून टाकलं.

"आत्या, हिरवं नेसलीय."